संवादाला वाट देणारा ट्रम्पेट

गोव्यातल्या पेडण्याच्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथेचा सांगाडा आधी ठरतो, संवाद रंगमंचावरच सुचत जातात. एका बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. पेटीवाल्याची नजर सतत नटाच्या तोंडावर असते. राजा तापला की सूर चढतो, राणीचा गळा भरून आला की मृदंग थांबतो, आणि वाक्य संपता संपता पेटी पुढच्या पदाचा सूर धरून ठेवते. चित्रपटाला पार्श्वसंगीत लिहिणाऱ्याने या पेटीवाल्याजवळ बसायला हवं, असं प्रस्तुत लेखकाचं मत हेच काम करता करता बनलेलं आहे.

डिसेंबर 1957 मध्ये पॅरिसच्या एका स्टुडिओत जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस आणि त्याचे चार साथीदार एका रात्रीपुरते जमले होते. दिग्दर्शक लुई माल यांच्या पहिल्या कथापटातली दृश्यं पडद्यावर चालू होती. वादकांपुढे मोजक्या कॉर्ड्सचे आराखडे होते, बाकी सगळं पाहता पाहता वाजलं. पेडण्याच्या पेटीवाल्याला यात नवल वाटलं नसतं.

पेडण्याला ही पद्धत इतकी ओळखीची, तर मग गोव्याचा जॅझ पेडणे-डिचोलीत का रुजला नाही? कारण इतिहासात आहे. बार्देश, सासष्टी आणि तिसवाडीत चर्चच्या शाळांतून मुलं पिढ्यान्‌पिढ्या नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकली. डिचोली आणि पेडणे पोर्तुगीज अंमलाखाली आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, नव्या काबिजादीत, म्हणजे नंतर जिंकलेल्या मुलखात. इथे संगीत घडलं ते देवळात, भजनात, नाटकात. त्यामुळे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत ऑर्केस्ट्रा उभा करणारी गोमंतकीय नावं आठवली की ती बहुतेक पेडणे आणि बार्देश यांच्यामधल्या शापोरा नदीच्या दक्षिणेची निघतात: हळदोण्याचे चिक चॉकलेट, रेइश मागुशचे सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. 1951 च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांच्या चालींना चिक चॉकलेटची साथ होती. एक मराठी संगीतकार आणि एक गोमंतकीय ट्रम्पेटवादक यांनी मिळून केलेलं ते काम आजही ताजं वाटतं. गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात राग आणि पाश्चात्य हार्मनी एकत्र आणणाऱ्या स्वतःच्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. एवढं धाडस पुन्हा फारसं कुणी केलं नाही, याची खंत वाटते.

बार्द्रॉय बार्रेतो यांचा ‘नाचुंया कुंपासार’ हा स्वतंत्रपणे काढलेला कोंकणी चित्रपट याच वादकांच्या जगाचा. संगीतकार क्रिस पेरी यांच्या गाण्यांवर तो उभा आहे आणि रॉनी मोन्सेरात यांनी त्या संगीताची नव्याने बांधणी केली. 62 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपट ठरला. यात गाणी जवळजवळ सगळी कथा वाहून नेतात. पण अरेंजरचा कान जातो तो दोन गाण्यांच्या मधल्या भागाकडे, जिथे दोन माणसं नुसती बोलत असतात.

कसोटी तिथेच लागते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण शंभर ते दीडशे हर्ट्‌झच्या आसपास असतो आणि चेलोचे खालचे सूर नेमके तिथेच वावरतात. शब्द स्पष्ट कळतात ते व्यंजनांमुळे. त्यांची जागा दोन ते चार हजार हर्ट्‌झच्या भागात, आणि उघड्या ट्रम्पेटची धारही त्याच भागात चमकते. संवादाखाली चेलोंचा जाड थर पसरला, वर ट्रम्पेट मोकळा सोडला, तर नटाला दोन्हीकडून कोंडल्यासारखं होतं. मिक्सिंगला बसलेला माणूस मग संगीत खाली ओढतो आणि महिनाभराची मेहनत भिंतीपलीकडून आल्यासारखी ऐकू येते. त्यापेक्षा लिहितानाच चेलोंना विश्रांती द्यावी, व्हायोलांना एखादा लांब सूर द्यावा, ट्रम्पेटला म्यूट लावावा आणि तो वाक्य संपल्यावर आणावा. सेबॅस्टियन गाण्याच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत उपसूर गुंफत, त्याच नजरेने संवादाकडे पाहायचं. नट श्वास घेतो तिथे वाद्याला जागा असते.

पेडण्याकडे पेटी, तशी डिचोलीकडे या कामासाठी एक गोष्ट आहे: घुमट. गणेशचवथीच्या आरत्यांत शामेळ हे तालवाद्य आणि कांसाळे ही झांज यांच्याबरोबर ते घरोघरी वाजतं. 2019 मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचं वारसावाद्य म्हणून मान्यता दिली. मातीच्या या वाद्याला दोन तोंडं. मोठ्यावर चामडं ताणलेलं, तर लहान तोंड डाव्या हाताने झाकत-उघडत नाद वळवता येतो. जॅझमध्ये डबल बास बोटांनी छेडतात तेव्हा त्याचा नाद घुमटाच्या फार जवळ येतो. दोन्ही एकदम वाजली तर एकमेकांत गिचमिड होते. म्हणून जिथे घुमट येईल तिथे बासला थांबवायचं, ड्रमवाल्याच्या हाती काठ्यांऐवजी ब्रश द्यायचे आणि व्हायोलिनं बरीच वर ठेवायची. घुमट वाजवायलाही चवथीत गणपतीवर फळा-पानांनी बांधतात त्या माटोळीखाली वाढलेला हात बोलवावा. त्याला नोटेशन वाचता येत नसेल, तर पडद्यासमोर बसवून दृश्य दाखवावं आणि नट कुठे थांबतो तेवढं सांगावं.