पॅकअप कोण म्हणणार?

गणपतीपुळ्यात शूटिंग म्हटलं की किनाऱ्यावरचा सूर्यास्ताचा शॉट ठरलेलाच. त्यात लहान मूल असेल तर आम्हा वकिलांचं काम वाढतं. रत्नागिरीत मी बालहक्कांची प्रकरणं बघतो, त्यामुळे बालकलाकारांच्या परवानगीचे कागद माझ्या टेबलावरून जातात. 2017 चे नियम स्पष्ट आहेत : जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही आणि मानधनातले किमान वीस टक्के मुलाच्या नावाने मुदत ठेवीत. कागद चोख असतात. सेटवरचं घड्याळ मात्र सूर्याकडे बघून चालतं.

एकदा असाच सात-आठ वर्षांचा एक पोरगा भिजलेल्या सदऱ्यात ताटकळत बसला होता. दिग्दर्शकाला मावळतीचा पिवळा उजेड हवा होता. आई ‘झालंच आता’ म्हणत त्याचं डोकं पुसत होती. पाच तास केव्हाच उलटले होते, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी मुख्य नट खुर्चीतून उठला. “त्याला सोडा. माझे क्लोजअप उरकून घ्या.” दोन मिनिटांत पोरगं गाडीत! मी नियम दाखवला असता तर तासभर वाद झाला असता आणि तोवर शॉटही झाला असता.

नियम निर्मात्याला बांधतात, नटाचं नावही घेत नाहीत. पण सेटवर शब्द कोणाचा चालतो, हे चहावाल्यालाही कळतं.

नाटक कंपन्यांच्या काळी तर सगळं मालकाच्या मनावरच होतं. केशवराव भोसले लहानपणापासून कंपनीत राबले आणि 1908 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ‘ललितकलादर्श’ काढून स्वतःच मालक झाले. पुढे 1942 मध्ये मास्टर दीनानाथ मंगेशकर गेले तेव्हा त्यांची मुलगी लता बारा वर्षांची होती, पाच भावंडांत थोरली. चित्रपट दिग्दर्शक मास्टर विनायकांनी त्या घराला आधार दिला, तिला काम दिलं. अभिनय तिच्या आवडीचा नव्हता, पण चूल त्यावर पेटत होती. विनायकांचं मोठेपण मी मानतोच. तरी पुढचं बघा : 1947 मध्ये तेही गेले आणि त्यांची स्वतःची मुलगी, नंदा, ‘बेबी नंदा’ म्हणून कॅमेऱ्यासमोर आली. तिच्या कमाईवर घर चाललं. भल्या माणसाची सावली त्याच्या आयुष्याएवढीच.

अमेरिकेत बालनट जॅकी कूगनची लहानपणीची कमाई आई आणि सावत्र वडिलांनीच उडवली, तेव्हा 1939 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला. पैसा त्याने वाचतो. थकलेल्या मुलाला उठवून घरी पाठवायला मात्र तिथे हजर असलेला वजनदार माणूसच लागतो.

नामवंत नट करारात व्हॅनिटी व्हॅन मागतात, पोस्टरवर नाव कितव्या क्रमांकावर हेही लिहून घेतात. त्यांना माझी विनंती आहे, आणखी दोन ओळी घाला : मुलाचे तास संपले की त्या दृश्यासाठी मीही उभा राहणार नाही, आणि कोणतंही मूल, कलाकार असो वा चाहता, पालकांशिवाय माझ्या व्हॅनमध्ये येणार नाही. मसुदा मी फुकट करून देईन.