ऋणनिर्देशाचे पान

लघुप्रबंधाच्या ठरलेल्या नमुन्यात ऋणनिर्देशाला एकच पान असते. मार्गदर्शक, ग्रंथपाल, शाळेचे व्यवस्थापन, टंकलेखन करणारे आणि शेवटी घरची माणसे, हा क्रमही ठरलेला. मी तो पाळला होता. त्या पानावर जे आले नाही, ते आज लिहायला बसले आहे.

माझे आजोबा राहुरी तालुक्यातल्या एका गावात मिशनचे मास्तर होते. नगर जिल्ह्यातल्या जुन्या कॅथलिक घरांत ‘मास्तर’ हा शब्द नुसत्या शिक्षकासाठी नव्हता. फादर महिन्याकाठी एकदा यायचे. बाकीचे दिवस शाळा मास्तरांची, प्रार्थना मास्तरांची, आजाऱ्याच्या उशाशी बसणेही मास्तरांचेच. आजोबा सातवी पास. संध्याकाळी ओट्यावर ते ‘निरोप्या’ मोठ्याने वाचायचे. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली सुरू केलेले ते मासिक आमच्या घरातले एकमेव नियतकालिक होते. ज्यांना वाचता येत नव्हते, तेही अंक आला की येऊन बसत. शिक्षकाने आपल्या शिक्षणात इतरांना बसवून घ्यायचे असते, हे मी तिथे पाहिले. तेव्हा मला त्याचे काही वाटले नव्हते.

१९८७ साली पुणे धर्मप्रांतातून नाशिकचा धर्मप्रांत वेगळा झाला आणि थॉमस भालेराव पहिले बिशप झाले. त्यानंतर चार वर्षांनी मी नाशिकरोडच्या एका कॅथलिक शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून लागले. मराठी माध्यम, प्रेसमधल्या कामगारांची मुले, आणि शाळेला जोडून मुलींचे बोर्डिंग. तिथे पेठ, सुरगाण्याकडच्या मुली राहायच्या. मुख्याध्यापिका सिस्टर मंगळुराकडच्या, कोकणी बोलणाऱ्या. मराठी त्या हरेगावच्या बायकांकडून शिकल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या तोंडी अस्सल नगरी हेल होता. ‘तुझ्या आजोबांसारखं बोलते का नाही मी?’ असे त्या विचारायच्या, आणि खरेच तसे वाटायचे.

मी बी.एड. होते, नोकरी पक्की होती. आणखी शिकायचे डोक्यात नव्हते. एका शनिवारी सिस्टरांनी कार्यालयात बोलावले. टेबलावर मुक्त विद्यापीठाची माहितीपुस्तिका होती, शालेय व्यवस्थापन पदविकेची.

‘फॉर्म मी आणलाय, बाई. तुम्ही भरा.’

मी म्हटले, ‘सिस्टर, मला कुठे मुख्याध्यापक व्हायचंय?’

‘व्हायचं नसेल तर जास्त शिकावं लागेल. जो होतो त्याला सांभाळून घ्यायला.’

या उत्तराचा अर्थ कळायला मला वर्षे लागली. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याच्या नियमांनुसार माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक व्हायला पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अनुभव पुरतो. त्यातही अल्पसंख्याकांच्या शाळेला आपला प्रमुख स्वतः निवडायची मोकळीक आहे. म्हणजे पुढे शिका असे कायदा आमच्यातल्या कुणालाच सांगत नव्हता. सिस्टरांचे म्हणणे असे, की जिथे कायदा सांगत नाही, तिथे आपणच आपल्याला सांगायला हवे. कारण निवडीची मोकळीक मिळाली की निवडलेल्या माणसाच्या तयारीची जबाबदारीही आपल्यावरच येते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जाहीरनामा काढला. शिक्षकाची तयारी धर्माच्या आणि व्यवहाराच्या, दोन्ही विद्यांत काळजीपूर्वक व्हावी, असे त्यात आहे. १९८२ साली रोमहून निघालेले दुसरे पत्रक तर आमच्यासारख्या प्रापंचिक शिक्षकांविषयीच होते. सिस्टरांनी ते मला वाचायला दिले. त्यातल्या कितीतरी ओळींखाली त्यांनी पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या.

त्या स्वतः मुंबईच्या सेंट झेवियर्स इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमधून बी.एड. झालेल्या. येशूसंघीयांनी १९५३ साली सुरू केलेले ते महाविद्यालय. पण नोकरी, शाळा, सासू आणि तीन वर्षांचा मुलगा सोडून मुंबईला जाणे मला शक्य नव्हते, आणि हे त्यांना ठाऊक होते. मुक्त विद्यापीठ आमच्याच गावात होते. १९८९ साली ते स्थापन झाले, राम ताकवले पहिले कुलगुरू. गंगापूर धरणाजवळच्या गोवर्धनला त्याचे आवार. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. माझ्या घरी ती गंगा खाकी कागदात गुंडाळलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून आली. सासूबाईंनी देवघराशेजारची फळी रिकामी करून दिली, त्यावर ती पुस्तके राहिली.

संपर्कसत्रे रविवारी असत. कॅथलिक माणसाला रविवारची मिस्सा चुकवता येत नाही. मी अडचण सांगितली तेव्हा आमच्या फादरांनी शनिवारी संध्याकाळच्या मिस्साची आठवण करून दिली. शनिवारी संध्याकाळी मिस्सा केली तर रविवारचे कर्तव्य पार पडते. दोन वर्षे मी बाळ येशूच्या देवळात शनिवारची मिस्सा करून बिटकोवरून घरी जायची आणि रविवारी डबा घेऊन अभ्यासकेंद्रावर. तिथे जिल्हा परिषदेच्या शाळांचे गुरुजी असत, एक उर्दू शाळेच्या बाई असत, मालेगावहून येणाऱ्या. अंदाजपत्रक, सेवापुस्तिका, पर्यवेक्षण, वार्षिक नियोजन असे ते विषय. त्या बाईंनी मला हजेरीपटावरून गळती कशी हेरायची ते शिकवले. मी ती पद्धत आजही वापरते.

परीक्षेच्या आणि सत्राच्या दिवसांत माझे तास कोण घ्यायचे? सातवी ब ची भूमिती सिस्टरांनी घेतली. त्यांचा विषय इंग्रजी. मुलींनी मला सांगितले, ‘बाई, सिस्टर आधी आम्हांला विचारतात, तुमच्या बाईंनी हे कसं शिकवलं? मग त्या फळ्यावर करतात. चुकलं तर म्हणतात, परत सांगा.’ पन्नाशी उलटलेली मुख्याध्यापिका सातवीच्या मुलींसमोर प्रमेय शिकत होती, कारण तिच्या शाळेतली एक शिक्षिका रविवारी कुठेतरी पुस्तक उघडून बसली होती. पुढे मी वाचले की अमेरिकेत नोत्र दाम विद्यापीठाने १९९३ साली असा एक उपक्रम सुरू केला: तरुण शिक्षक दोन वर्षे कॅथलिक शाळांत शिकवतात, उन्हाळ्यात विद्यापीठात शिकतात, एका घरात मिळून राहतात आणि शेवटी पदव्युत्तर पदवी घेतात. त्यातले ‘एका घरात मिळून राहणे’ मला लगेच उमगले. त्यावाचून नोकरी करणाऱ्याचे शिक्षण पार पडत नाही.

पदविकेनंतर काही वर्षांनी शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीला बसले. लघुप्रबंधाचा विषय बोर्डिंगच्या मुलींचे गणित. त्या शाब्दिक उदाहरणांत मागे पडतात, असे माझे निरीक्षण होते. त्या मंद आहेत असे मी धरून चालले होते. प्रबंधात तसा शब्द लिहिला नाही, मनात मात्र तोच होता. मार्गदर्शक सरांनी एकच काम दिले: दोन आठवडे प्रत्येक तासाला कोण उत्तर देते त्याची खूण करा. मी वही घेऊन गेले. सरांनी खुणा पाहिल्या. बोर्डिंगच्या मुलींपुढचा रकाना जवळजवळ कोरा होता. ते म्हणाले, ‘आता पुढचे दोन आठवडे, तुम्ही प्रश्न कुणाला विचारता त्याची खूण करा.’

तो रकानाही कोराच निघाला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बारा वर्षे मी त्या वर्गात उभी होते.

त्या मुलींशी बोलायचे कसे, हेच मला माहीत नव्हते. घरी त्या कोकणा बोलत. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातल्या मावशी पेठकडच्याच, चौथी शिकलेल्या. मी त्यांना विचारले, संध्याकाळी भाकरी झाल्यावर अर्धा तास याल का? त्या आल्या. भिंतीला टेकून बसल्या. मी उदाहरण वाचायची, त्या ऐकायच्या, आणि मुलींकडे वळून त्यांच्या बोलीत सांगायच्या. आगगाडीचे उदाहरण त्यांनी बाजूला सारले. त्याऐवजी आवणीला किती बाया लावल्या तर खाचर किती दिवसांत होईल, असे विचारले. कोपऱ्यातल्या एका मुलीने तोंडीच उत्तर दिले, आणि लगेच सांगितले की पाऊस थांबला तर दिवस वाढतील. मी तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. नागलीचे माप, वरईचे वाटे, राब भाजायला लागणारा पालापाचोळा, असा माझा उदाहरणसंग्रह मावशींच्या तोंडून तयार झाला. प्रबंधाचे चौथे प्रकरण म्हणजे तोच.

चार महिने त्या रोज येत होत्या. प्रबंध बांधून तीन प्रती आल्या, तेव्हा मी एक घेऊन स्वयंपाकघरात गेले. मावशींनी हात पुसले, पुठ्ठ्यावरच्या सोनेरी अक्षरांवर बोट फिरवले आणि विचारले, ‘यात आपल्या पोरींचं हाय ना?’

मी ऋणनिर्देशाचे पान उघडले. सर होते, सिस्टर होत्या, फादर, ग्रंथपाल, सासूबाई होत्या. शेवटून दुसऱ्या ओळीत ‘बोर्डिंगच्या मावशी’ एवढेच होते. चार महिन्यांत मी त्यांना नाव विचारले नव्हते.

‘मावशी, तुमचं नाव काय?’

त्यांनी आधी नवऱ्याचे नाव जोडून सांगितले. मग थांबून, माहेरचे. ‘दोन्ही लिव्हा,’ म्हणाल्या.

तिन्ही प्रतींत ते नाव निळ्या शाईने, हाताने लिहिलेले आहे. बाकीचे पान छापील आहे.