श्लोकाचा राहिलेला भाग



रात्रीचे दोन वाजलेले असतात. द्रोणागिरीतल्या आमच्या घराच्या खिडकीतून न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या गाड्यांची घरघर येत असते. १९८९ साली बंदर सुरू झाले, तेव्हापासून उरणकडची रात्र कधी पुरती निजलेली नाही. मी पलंगाच्या कडेला बसलेला असतो. डाव्या तळहातावर उजवे कोपर तोलून धरलेले असते, जणू ते माझे नाही, कुणी सांभाळायला दिले आहे. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात अशा किती रात्री गेल्या, त्यांचा हिशेब मी ठेवला नाही. त्या रात्रींनी माझ्याच कीर्तनातली एक चूक मला दाखवली. ती सांगण्यासाठी हा लेख.

कार्तिकीहून परतलो तेव्हा उजवा खांदा थोडा ठणकत होता. प्रवासाने अवघडला असेल, असे वाटले. मार्गशीर्षात फळीवरची ज्ञानेश्वरी काढायला हात वर केला आणि तो मध्येच थांबला. मग धोतराचा काष्टा मागे खोचता येईना. सदरा अंगात घालताना बाही आधी या हाताला, मग त्या, असा विचार करावा लागू लागला. दिवसा हे सगळे निभावून नेता येत होते. रात्रीचे मात्र निभेना. उजव्या कुशीवर वळलो की कळ यायची. डाव्या कुशीवर वळलो की उजवा हात छातीवरून पुढे ओघळायचा आणि त्याच्या ओढीने पुन्हा कळ. उताणे निजावे तर कोपर मागे गादीत जाऊन खांदा ताणायचा. घटकाभर डोळा लागे, की पुन्हा जाग.

मी हे कुणाला सांगितले नाही. आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे काढली, नंतर चाळीस-बेचाळीस वर्षे गावोगाव कीर्तने केली. एकादशीचा जागर, सप्ताहातला हरिजागर, पहाटेचा काकडा यांत आयुष्य गेले. मनाला समजावले, ‘बुवा, जागण्याची तुम्हाला सवय आहे. देवाने घरबसल्या जागर दिला, असे समजा.’ हे समाधान मला फार आवडले. त्यात भक्तीही होती आणि थोडा मोठेपणाही.

पण जागर आणि हे जागणे एक नव्हे, हे आठ-दहा दिवसांतच कळले. जागराला आपण आपल्या पायांनी जातो. शेजारी टाळकरी असतात, पखवाज असतो, पहाट कशी होते ते कळत नाही. इथे मी एकटा, समोर घड्याळ, आणि दोनाचे अडीच होता होत नाहीत. जागरानंतर चेहरा टवटवीत असायचा. या जागण्यानंतर मी नातवावर खेकसू लागलो, पोथी वाचताना एकच ओवी तीनदा वाचू लागलो आणि काकड्याच्या वेळी नेमका गाढ झोपू लागलो. ज्या जागण्याने काकडा चुकतो, त्याला जागर कसे म्हणावे?

एका रात्री मी असाच बसलेलो असताना अंधारातून आवाज आला, “अहो, जागेच आहात ना? मीही जागीच आहे.”

मी म्हटले, “तू का जागी? माझ्या हालचालीने झोपमोड झाली का?”

“छे. माझे गुडघे. त्यांना आता सात-आठ वर्षे झाली.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही कीर्तनाला असायचात. आणि घरी असलात की दमून झोपलेले असायचात. उठवून काय सांगायचे?”

त्यात तक्रार नव्हती, म्हणून ते अधिक लागले. जिच्याशेजारी जन्म काढला, तिची झोप कशी असते हे मला माझी झोप गेल्यावर कळले. मग तिनेच सकाळी सूनबाईला सगळे सांगितले आणि सूनबाईने दोघांनाही गाडीत बसवून पनवेलला हाडांच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टर म्हणाले, “महाराज, हात वर करा.” हात खांद्याच्या उंचीलाही पोचला नाही. मग त्यांनी स्वतः माझा हात धरून हलकेच उचलून पाहिला, तरी तो तिथेच अडला. ते म्हणाले, “मी उचलूनही जात नाही, बाहेरच्या बाजूलाही वळत नाही, म्हणजे सांधाच आखडला आहे.” हाडात दुसरे काही नाही ना, हे पाहायला एक्स-रे काढला. निदान झाले, फ्रोझन शोल्डर. आपल्याकडे खांदा आखडणे किंवा धरणे म्हणतात ते.

त्यांनी समजावले ते माझ्या शब्दांत सांगतो. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ, सैल पिशवी असते. ती सैल असते म्हणून हात चहूकडे फिरतो. या दुखण्यात ती सुजते, जाड होते आणि आक्रसते. पहिले काही महिने दुखणे जास्त, विशेषतः रात्री. मग दुखणे कमी होते, पण हात आखडलेला राहतो. शेवटी तो हळूहळू सुटतो. सगळे मिळून एक ते तीन वर्षे लागू शकतात. साधारण चाळीस ते साठ या वयात हे जास्त दिसते. माझ्या सत्तरीत ते आले, त्याला मधुमेहाचा हातभार असावा. मधुमेह असलेल्यांना याचा धोका अधिक असतो. मी विचारले, “वीणा धरून, हात उंचावून निरूपण करून झाले का?” ते हसले आणि म्हणाले, “कीर्तनाच्या माथी मारू नका.”

हा रोग नवा नाही. १९३४ साली अमेरिकेतल्या बॉस्टनचे डॉ. कॉडमन यांनी त्याला हे नाव दिले, आणि त्या कुशीवर झोपता न येणे हे लक्षण त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवले. जपानमध्ये लोक याला ‘पन्नाशीचा खांदा’ म्हणतात. म्हणजे माझ्या रात्री माझ्या एकट्याच्या नव्हत्या. हे कळले तेव्हा अर्धे ओझे उतरले.

आता झोपेचे सांगतो, कारण वाचणाऱ्यांतही कुणी असाच बसून रात्र काढत असेल. फिजिओथेरपीच्या ताईंनी आधी मला निजायला शिकवले. उताणे निजायचे असेल तर दुखऱ्या दंडाखाली आणि कोपराखाली घडी केलेली चादर किंवा छोटी उशी ठेवायची, म्हणजे कोपर मागे जात नाही. कुशीवर निजायचे तर चांगल्या कुशीवर, आणि छातीशी एक जाड उशी घेऊन दुखरा हात तिच्यावर ठेवायचा, म्हणजे तो ओघळत नाही. फार कळ असेल त्या रात्री पाठीमागे लोड लावून अर्धवट बसल्यासारखे निजायचे. निजण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे शेक, तोही सोसेल इतपतच. दुखण्याची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच घ्यायची, कळ शिगेला पोचेपर्यंत हटून बसायचे नाही. दुपारची लांब झोप बंद. डॉक्टरांनी सांध्यात एक इंजेक्शनही दिले. त्याने काही दिवस साखर वाढू शकते, हे आधी सांगून ती रोज तपासायला लावली.

व्यायाम दोन. टेबलावर डावा हात टेकून वाकायचे, उजवा हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलकेच झुलू द्यायचा. दुसरा, भिंतीवर बोटे मुंगीसारखी वर चढवायची. पहिल्या दिवशी मी ईर्ष्येने बोटे वर रेटली आणि ती रात्र पुरती बसून काढली. ताईंनी विचारले, “महाराज, पखवाज उतरला तर तुमचे पखवाजी काय करतात?” मी म्हटले, “हातोडीने हळूहळू ठोकून स्वरात आणतात.” “आणि एकदम जोरात ठोकला तर?” “पान फाटेल.” त्या काही बोलल्या नाहीत. मला पुरेसे होते. तेव्हापासून दर एकादशीला भिंतीवर पेन्सिलीची एक खूण करतो. आषाढीची खूण आणि कार्तिकीची खूण यांत वीतभर अंतर आहे.

नामाने दुखणे थांबले का, असे काही वारकरी बंधू विचारतात. खरे सांगतो, थांबले नाही. पण नाम घेऊ लागलो, की मी घड्याळ पाहायचे सोडत असे. झोप आली नाही, तरी झोप येत नाही याची तळमळ कमी होई. तेवढ्यानेच कधी कधी डोळा लागे. नाम हे औषधाच्या जागी नाही आणि औषध नामाच्या जागी नाही. दोन्ही आपापल्या जागी असू द्यावीत.

आता माझी चूक. गीतेच्या सहाव्या अध्यायातला सोळावा श्लोक मी कितीदा निरूपणाला घेतला असेल. अति खाणाऱ्याला योग नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही आणि अति जागणाऱ्यालाही नाही. माझे सगळे बळ असायचे ते अति झोपणाऱ्यावर. झोपाळूची नक्कल केली की सभा हसायची. अति जागणाऱ्याचा शब्द मी एका श्वासात उरकत असे. वास्तविक माउलींनी तिथे दोन्ही पारडी सारखी ठेवली आहेत. झोपेला विकलेल्याला ते अधिकारी मानत नाहीत, तसे हट्टाने भूक-तहान कोंडणाऱ्याला आणि झोपेच्या वाटेला न जाणाऱ्यालाही मानत नाहीत. आणि पुढच्याच श्लोकात भगवंत सांगतात, आहार-विहार, झोप आणि जाग ज्याची मापात आहे, त्याचा योग दुःख दूर करणारा होतो. इतके स्पष्ट असून मी ते वाचले नव्हते. पाठ मात्र होते.

याचा परिणाम एका माणसाने सोसला. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका सप्ताहात जागराच्या कीर्तनात मागच्या रांगेतले एक वृद्ध टाळकरी पेंगत होते. मी कीर्तन थांबवून त्यांच्यावर विनोद केला. सारी सभा हसली. तेही ओशाळून हसले. सकाळी ते पाया पडायला आले आणि हळूच म्हणाले, “महाराज, रात्री खांदा झोपू देत नाही. महिना झाला. इथे भजनात जरा बरे वाटले, म्हणून डोळा लागला.” मी काय म्हणालो? “खांदा झोपू देत नसेल तर नाम घ्या, माउली. आयता जागर मिळाला.” ते मान हलवून गेले. पुढे काही वर्षांनी ते वैकुंठवासी झाल्याचे कळले.

महिनाभर न झोपलेल्या माणसाला त्या रात्री देवाच्या दारात डोळा लागला होता आणि मी तो उघडला. त्या वाक्याची आठवण मला कधी आली नव्हती. माझ्या खांद्याने ती रात्री दोन वाजता करून दिली. त्यांची क्षमा मागायला आता जागा उरली नाही. म्हणून ज्यांनी माझी कीर्तने ऐकली, त्यांना विनंती करतो, माझ्या निरूपणात तो राहिलेला भाग जोडून घ्यावा. आणि वारीत, सप्ताहात कुणी म्हातारा पेंगताना दिसला, तर त्याला हलवू नये. जमल्यास त्याच्या हाताखाली उपरण्याची घडी सरकवावी. कळ महिनाभर टिकली, तर तिला जागर न म्हणता डॉक्टरांना दाखवावे. आणि खांद्यासोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर खांदाच दुखतो असे समजून क्षणभरही घरी थांबू नये.

सकाळी आमच्या घरून द्रोणागिरीचा डोंगर दिसतो. मारुतिराय संजीवनीचा डोंगर नेत असता त्याचा एक तुकडा इथे पडला, असे इथली माणसे सांगतात. एका हातावर डोंगर उचलणाऱ्या त्या देवाला मी हल्ली वेगळ्या कौतुकाने नमस्कार करतो. माझा हात अजून डोक्यावर पुरता जात नाही. ज्ञानेश्वरी सूनबाईने खालच्या फळीवर आणून ठेवली आहे. हिच्या गुडघ्यांवरही उपचार चालू आहेत. रात्री निजण्यापूर्वी मी तिच्या गुडघ्यांना शेक देतो आणि ती माझ्या कोपराखाली उशी सारखी करते. मग हरिपाठातले जेवढे होईल तेवढे म्हणतो. पुष्कळदा शेवटापर्यंत पोचत नाही. झोप लागते.

रामकृष्ण हरी.