मदतीला येणारी माणसं आणि आमची वही



शाळेत मदतीला बाहेरची माणसं हवीत का, असं आमच्यासारख्या द्विशिक्षकी शाळेतल्या कुणालाही विचारा. हवीतच! चार वर्ग, दोन शिक्षक. त्यातला एक केंद्रावर मीटिंगला गेला की दुसऱ्याची काय तारांबळ उडते ते तुम्हाला माहीत आहेच. अशा वेळी कॉलेजातला एखादा मुलगा शनिवारी येऊन इंग्रजी वाचून घेतो, एखादी आई पहिलीतल्या लेकरांजवळ बसते, एखादे आजोबा गोष्ट सांगतात, तेव्हा आमच्यासाठी ते सोन्याहून पिवळं असतं. 'पहिले पाऊल'च्या निमित्ताने माता-पालक गट शाळेत येऊ लागले, तो अनुभव तर फारच छान. केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल २०२१ मध्ये नव्या रूपात आलं, तेही स्वयंसेवकांसाठीच. पण आमच्या गावात पोर्टलवरून कोणी येत नाही. माणूस थेट फाटक उघडून येतो आणि म्हणतो, "बाई, मी काही शिकवू का?"

आता हा माणूस कोण, हे कसं ठरवायचं?

बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला. सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, सगळं त्यात आहे. पोक्सोच्या २०२० च्या नियमांतही मुलांच्या नेहमी संपर्कात येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करावी असं म्हटलंय. पण शनिवारी तासभर येणारा दादा कर्मचारी नाही. त्याचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नसतं. म्हणून आम्ही शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडला आणि एक साधी दोनशे पानी वही केली. नाव, ओळखपत्र, फोन, कशासाठी आले, कोणत्या वर्गात बसले, आल्याची आणि गेल्याची वेळ, सही. सोबत चार गोष्टी तोंडी सांगायच्या. दार उघडं ठेवायचं. एकट्या मुलाला घेऊन कुठं बसायचं नाही. मुलांचे फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये काढायचे नाहीत. गाडीवर बसवून कुणाला घरी सोडायचं नाही, पाऊस असला तरी.

समितीत लगेच कुजबुज झाली. "बाई, आपल्याच गावचा पोरगा. त्याच्याकडं कसला कागद मागता?" मला हा प्रश्न चुकीचा वाटत नाही. गावात विश्वासावरच सगळं चालतं. पण मुलांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, हे आपण प्रशिक्षणात ऐकतो आणि घरी येऊन विसरतो. मी एवढंच म्हटलं, वही सगळ्यांना सारखी. सरपंच आले तरी सही करतील. समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात, त्याचा त्या दिवशी खरा उपयोग झाला. मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "घ्या की सही, आमचं काय जातंय!" आणि निवृत्त पोस्टमन आजोबांनी पहिली सही ठोकली. त्यांना रजिस्टरची सवयच!

खरी परीक्षा पुढे होती. तिसरीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, दादांनी सांगितलंय कोणाला सांगू नको." माझ्या पोटात गोळा आला. तिला मी प्रश्नांचा भडिमार केला नाही. खाली बसले आणि म्हटलं, "बरं झालं मला सांगितलंस. तुला सांगावंसं वाटतंय तेवढं सांग." तर काय, शिक्षक दिनासाठी सगळा वर्ग मिळून माझ्यासाठी शुभेच्छापत्र करत होता! मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही.

पण तेवढ्यावर सोडलं नाही. सुटल्यावर त्या दादाशी बोलले. कार्ड सुंदरच होतं, तसं सांगितलं. मग म्हटलं, "आपल्या शाळेत कुठलाही मोठा माणूस मुलाला 'कोणाला सांगू नको' असं म्हणत नाही. 'पाच तारखेला बाईंना दाखवू' असं म्हण. ज्याचा दिवस ठरलेला असतो आणि जे सगळ्यांना कळणार असतं ती गंमत. जे कधीच सांगायचं नसतं ते वेगळं." पोराचा चेहरा उतरला. "मॅडम, माझ्यावर संशय आहे का?" नव्हता. तसं मी स्पष्ट सांगितलं. पण उद्या दुसऱ्या कुणी खरोखर वाईट हेतूने हेच शब्द वापरले, तर आमच्या मुलीला ते शब्द खटकले पाहिजेत. त्यासाठी चांगल्या माणसांनी ते वापरायचे नाहीत.

पुढचे दोन शनिवार तो आला नाही. मुलं विचारत होती, मलाही चुटपुट लागली. चांगला मुलगा हातचा जातो की काय! तिसऱ्या शनिवारी आला, वहीत सही केली आणि मुलांना गोलात बसवून वाचन सुरू केलं. त्या विषयावर आम्ही परत बोललो नाही.

पालकहो, तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. मूल काही सांगू लागलं तर "काहीतरीच बोलतोस" असं म्हणून गप्प करू नका. आणि शंका आली तर गावात बैठक बसवून मिटवू नका. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला द्यावीच लागते, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कायद्याने जबाबदारी येत नाही. १०९८ हा नंबर चोवीस तास मोफत आहे. मुलाचं नाव मात्र चावडीवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर अजिबात नको.

आमच्या वहीची आता पंचवीसेक पानं भरलीत. दर महिन्याच्या बैठकीत ती समितीपुढे ठेवतो, कोणी पालक चाळतात, कोणी नाही. या महिन्यात क्षेत्रभेट आहे, सोबत चार आया येणार आहेत. प्रत्येकीकडे नऊ मुलांची नावं लिहिलेली चिठ्ठी असेल, आणि शौचालयाकडे जाताना मुलं दोघं-दोघं जातील, एवढं आत्ताच ठरलंय.