एकट्याची नगरप्रदक्षिणा



वारी समुदायाची असते. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणा, मागे तुळशीवाल्या माउली. पुढच्याची टाच दिसत असली म्हणजे वाट कुणाला विचारावी लागत नाही. आषाढी एकादशीला चंद्रभागेचे स्नान करून नगरप्रदक्षिणेला निघालो की तीही अशाच लोटात होते. त्या दिवशी रस्ता दिसत नाही, माणसे दिसतात, आणि त्या दिवशी पाहायची असतात तीही माणसेच. पण पंढरी हे फार जुने नगर आहे. ते एखाद्या आडदिवशी, एकट्याने, थांबत थांबत फिरण्यातही एक वेगळे दर्शन आहे. त्याविषयी आज चार शब्द लिहितो.

हे मनात यायला कारण झाली माझी नात. ती नोकरीनिमित्त जर्मनीत हॅनोव्हर नावाच्या शहरी राहते. तिने फोनवर सांगितले, ‘‘आबा, इथे रस्त्यावर एक तांबडी रेघ रंगवली आहे. वाटाड्या नको, कुणाला विचारायला नको. रेघेवरून चालत राहायचे, की जुने शहर आपोआप पाहून होते.’’ ती रेघ ४२०० मीटर लांब आहे आणि तिच्यावर ३६ ठिकाणे येतात. प्रत्येक ठिकाणी आकडा घातलेला असतो, हातात एक पुस्तिका असते, आणि फेरी संपते ती रेल्वे स्टेशनासमोरच्या राजाच्या अश्वारूढ पुतळ्याशी.

मी विचारले, ‘‘त्या रेघेवर काय काय येते?’’ तिने राजवाडा सांगितला, चर्च सांगितले, नगरपालिकेची भव्य इमारत सांगितली. त्या इमारतीत शहराच्या चार प्रतिकृती मांडल्या आहेत : १६८९ सालचे शहर, १९३९ चे, १९४५ चे आणि आजचे. १९४५ च्या प्रतिकृतीत घरांना छपरेच नाहीत. महायुद्धात बाँब पडून शहराचा मोठा भाग भुईसपाट झाला होता. रेघेवर एक चर्चही लागते, एगिडिएन नावाचे. ते १९४३ मध्ये बाँबने जळले. लोकांनी नंतर बाकीचे शहर उभे केले, पण त्या चर्चवर छप्पर घातले नाही. भिंती तशाच ठेवल्या आणि युद्धात मेलेल्यांचे ते स्मारक केले. येणाऱ्या-जाणाऱ्याने तिथे थांबावे म्हणून रेघ तिथूनच नेली आहे.

मग तिने विचारले, ‘‘आबा, आपल्याकडे अशी रेघ कुठे आहे का?’’

रंगवलेली नाही, पण आहे. पंढरीच्या प्रदक्षिणेची वाट ही शतकानुशतकांच्या पावलांनी उमटलेली रेघच आहे. मी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. चाळीस वर्षे कीर्तन केले. आता गळा साथ देत नाही. पायी वारी गुडघ्यांनी थांबवली आहे. पण एका गावाची फेरी घालण्याइतके चालणे अजून शिल्लक आहे. म्हणून पौषात, गर्दी नसताना, एकटा पंढरपुरास गेलो.

पहाटे वाळवंटात उतरलो. स्नान करून रिवाजाप्रमाणे आधी पुंडलिकरायाला हात जोडले. आईबापाची सेवा सुरू असताना देवालाही विटेवर थांबायला लावणारा हा भक्त. त्याचे देऊळ नदीच्या पात्रातच उभे आहे. त्याची पूजा कोळी समाजाकडे आहे. आम्ही माहुलचे कोळी खाडीत होड्या घालणारे, ते नदीकाठचे; जात एक, पाणी वेगळे. तिथे उभा राहिलो की मला आपल्या माणसांत आल्यासारखे वाटते.

मग घाट चढून वर आलो. शिंद्यांचे द्वारकाधीश मंदिर, होळकरांचा वाडा पाहिला. ज्यांच्या घोड्यांनी अर्धा हिंदुस्थान तुडवला, त्यांनीही या काठावर देवाच्या शेजारी चार खण जागा धरून ठेवली. पुढे देऊळ उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणेच्या वाटेला लागलो. चौफाळा, नाथ चौक, कालिकादेवी, काळा मारुती. ही नावे वारकऱ्याच्या तोंडी असतात, पण आषाढीत त्या जागा टाळांच्या आवाजातच जातात. आडदिवशी त्यांना स्वतःचा आवाज असतो. कुंकू-बुक्क्याच्या दुकानाची फळी उघडते, कुठल्याशा मठात काकडा संपून हरिपाठाची पोथी मिटली जाते, म्हातारी सडा घालते. मी प्रत्येक ठिकाणी बसलो. माझ्या हातात पुस्तिका नव्हती. पाठ असलेले अभंग होते. जिथे ज्याचा अभंग आठवला, तिथे तो मनात म्हटला.

फेरी घालून महाद्वाराशी आलो आणि तिथे मात्र फार वेळ बसलो.

महाद्वारात नामदेवरायांची पायरी आहे. संतांचे पाय लागावेत म्हणून त्यांनी पायरी होणे मागितले. आणि त्या पायरीसमोर, दाराबाहेर, चोखोबारायांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असताना कूस कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले, ते साल १३३८. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी शोधल्या. ज्या हाडातून विठ्ठलनाम ऐकू येई ते चोखोबांचे, अशी ओळख पटवून त्या पंढरीस आणल्या आणि इथे ठेवल्या, असे परंपरा सांगते. हे आख्यान मी किती गावी लावले असेल, गणती नाही. श्रोते रडत, मीही रडे.

त्या दिवशी मी रडलो नाही. मी समाधीपासून पायरीपर्यंत चालून पाहिले. म्हाताऱ्या माणसाचीही थोडीच पावले होतात. एवढे अंतर चोखोबांच्या माणसांना ओलांडायला किती काळ लागला? साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभले, ते १० मे रोजी सुटले, आणि त्या वर्षी हे दार हरिजनांना उघडले. १३३८ पासून १९४७ पर्यंत सहाशे नऊ वर्षे. अंतर थोडे पावलांचे, आणि वाट सहाशे नऊ वर्षांची! कीर्तनात हा हिशेब डोळ्यांतल्या पाण्याबरोबर वाहून जातो. एकट्याने चालताना तो पायांना कळतो.

माउली, इथे मला नातीच्या त्या बिनछपराच्या चर्चचा अर्थ लागला. गाव फिरवून दाखवणारी वाट खरी कोणती? राजवाडे दाखवते, ती वाट पाहुण्यांची. गावाची जखमही दाखवते, ती वाट त्या गावच्या लेकरांची. हॅनोव्हरच्या लोकांनी जळलेल्या भिंती रेघेवरच ठेवल्या. नामदेवरायांनी तर सहाशे वर्षांपूर्वीच चोखोबांना अशा जागी ठेवले, की महाद्वारातून आत जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्यासमोरून जावे लागेल. ज्यांना दार बंद होते, त्यांची समाधीच त्यांनी दारावर आणून ठेवली. आपण तिथे डोके टेकतो. पण टेकलेले डोके वर करून बंद दाराचाही विचार करावा, असे त्यांच्या मनात असेलच.

परत आल्यावर हा विचार माहुलपर्यंत आला. आमचे जुने गाव खाडीच्या काठचे. थंडीत गुलाबी पाय आणि पंख असलेले रोहित पक्षी चिखलात उतरतात, आणि पाठीशी तेलशुद्धीच्या धुरांड्यांची ज्योत रात्रंदिवस पेटलेली असते. तानसाच्या जलवाहिनीकडेची घरे तुटली, तेव्हा मुंबईतली कितीतरी कुटुंबे इथल्या उंच इमारतींत आणून ठेवली गेली. इथल्या हवेत श्वास कोंडतो म्हणून त्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. गावाची एकादशीची दिंडी मात्र जुन्या गावठाणातूनच फिरून देवळात परत येत असे. त्या इमारती प्रदक्षिणेत नव्हत्या.

मी भजनी मंडळात एवढेच म्हणालो, ‘‘रेघ थोडी लांबवू या.’’ एकदोघांनी विचारले, ‘‘महाराज, तिकडचे कोण येणार?’’ मी म्हटले, ‘‘ते येवोत न येवोत, आपण जाऊ.’’ पुढच्या एकादशीला दिंडी इमारतींच्या अंगणातून गेली. दोन बायका आधी गॅलरीतून पाहत होत्या, मग खाली आल्या. एकीचे माहेर मंगळवेढ्याकडचे निघाले. तिने विण्याला हार घातला. आता दर एकादशीला तीच वाट आहे.

वाचक माउलींना विनंती एवढीच. आषाढी-कार्तिकी समुदायाबरोबर करावीच. तिला पर्याय नाही. पण वर्षातून एखादा आडदिवस काढून पंढरीची प्रदक्षिणा एकट्याने करावी. घाई नको, वाटाड्या नको. देऊळ उजव्या हाताला असू द्यावे. चौकाचौकात बसावे. महाद्वाराशी आल्यावर आधी चोखोबांकडे जावे, आणि तिथून पायरीपर्यंतची पावले स्वतः मोजावीत. मग घरी येऊन आपल्या गावाची प्रदक्षिणा कुठून वळते आणि कोणती घरे तिच्याबाहेर राहतात, तेही चालून पाहावे.

रामकृष्णहरी.