ग्रहणाची रात्र

७ सप्टेंबर २०२५, भाद्रपद पौर्णिमा. आदल्याच दिवशी विसर्जन झालेलं, अंग आंबलेलं. तरी गच्चीवर सतरंजी टाकली. आईने दुधात, लोणच्यात तुळशीचं पान ठेवलं आणि तीही वर आली. मला त्याचंच अप्रूप. ९.५७ला चंद्राची कड काळवंडू लागली. मग नेमके ढग. अकराला खग्रास सुरू झालं. ढग फाटले तेव्हा चंद्र राख धरलेल्या निखाऱ्यासारखा तांबूस होता. पृथ्वीच्या वातावरणातून वळून आलेला सूर्यप्रकाशच तो. जगभरचे सूर्योदय-सूर्यास्त जणू एकदम चंद्रावर पडलेले. आई कितीतरी वेळ बोललीच नाही. मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा बघतेय गं." १२.२२ला कडेवर पांढरी रेघ उमटली. मोक्ष १.२६ला होता. तोवर आम्ही दोघी वरच बसलो.