मेजावरचे धन

चि. बाळास,



ॲटलांटिक सिटीच्या जुगारगृहात पोकर खेळताना शेजारच्या गृहस्थांनी गळ घातली म्हणून तू ‘स्ट्रॅडल’ लावलास, ही हकिकत तू इतक्या उल्हासाने लिहिली आहेस की ती वाचताना माझा चेहरा पाहून तुझ्या मामीने, कोणाची वाईट बातमी आहे का, असे विचारले. आधी पैसे लावावयाचे आणि अर्थ मागाहून पत्राने विचारावयाचा, ही तुमच्या घराण्याची रीतच आहे. तुझ्या वडिलांची ती जामिनकी तू विसरला असशील, मी विसरलेलो नाही.

असो. तुमच्या मेजावर लहान ब्लाइंड एक डॉलरचा व मोठा दोनचा, म्हणजे पाने वाटण्यापूर्वीच सक्तीने करावयाचा भरणा. मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडे बसणाऱ्याने, पाने न पाहता, स्वखुशीने त्याच्या दुप्पट, म्हणजे चार डॉलर पुढे सारावयाचे, हा स्ट्रॅडल. मोबदला एवढाच की पहिल्या फेरीत त्याला सर्वांच्या शेवटी बोलावयास मिळते. परंतु मेजावर पहिली तीन पाने उघडली की हा हक्क संपुष्टात येतो, आणि ज्यांना इतरांचा अंदाज येण्यापूर्वीच निर्णय घ्यावा लागतो अशांच्या रांगेत त्याची पुन्हा रवानगी होते. शिवाय दोनशे डॉलर घेऊन बसलेल्याजवळ जेथे शंभर भरण्यांचे बळ होते तेथे पन्नासांचेच उरते. शेजाऱ्यांचा आग्रह कशासाठी होता, हे आता तूच ताड.

‘तुमचे वीस, आणि वर आणखी चाळीस’ असे म्हटल्यावर पाने वाटणाऱ्याने तुझे चाळीस परत केले, यात त्याचा काही अन्याय नाही. सिनेमात ते शोभते; मेजावर पहिला शब्द बंधनकारक, आणि समोरच्याची मुद्रा न्याहाळीत हप्त्याहप्त्याने रक्कम वाढविणे निषिद्ध.

परंतु ज्याविषयी तू एक अक्षरही विचारले नाहीस तो ‘टेबल स्टेक्स’चा नियम मला या सर्व खेळातील एकमेव सुसंस्कृत गोष्ट वाटतो. डाव सुरू होताना मेजावर ज्याचे जेवढे धन, तेवढ्यापुरताच तो त्या डावात बांधला जातो. मध्येच खिशात हात घालावयाचा नाही, घराचे खत किंवा हातातील अंगठी पुढे करावयाची नाही. तुझ्याजवळ साठच असतील आणि इतर दोघे दोनशे-दोनशे लावीत असतील, तर तिघांचे साठ-साठ मिळून एकशेऐंशीचा मुख्य पॉट होतो, आणि त्यांच्या उरलेल्या दोनशेऐंशींचा ‘साइड पॉट’ निराळा ठेवतात. त्यात तुझा वाटा नाही, पण साठांपलीकडे तुझे देणेही नाही. कोणी श्रीमंत केवळ मोठी रक्कम आदळून तुला डावातून हुसकावू शकत नाही. हस्तिनापुरच्या सभेत एवढे एक कलम मुक्रर असते, तर! युधिष्ठिर आधी स्वतःला हरले की मला, हा द्रौपदीचा प्रश्न ऐकून भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगितले. तुझ्या जुगारगृहातील पाने वाटणाऱ्या पोरानेही त्याचा निवाडा क्षणात केला असता, कारण जो स्वतःला हरला त्याच्यापुढे मेजावर लावावयास उरलेच काय? नलाला मात्र ते उमगले होते. पुष्कराने दमयंतीला पणाला लावण्यास सुचविले तेव्हा तो उत्तर न देता उठून गेला.

आता माझी काळजी सांगतो. हे कलम एका डावापुरतेच आहे. दोन डावांच्या मधल्या अवकाशात आणखी चिप्स विकत घेण्यास कोणीही आडकाठी करीत नाही, उलट पैसे देणारी यंत्रे तेथे जवळच उभी असतात. आणि धृतराष्ट्राने सर्व परत केल्यावर दुसऱ्या द्यूताचे बोलावणे आले तेव्हा युधिष्ठिर वाटेतून माघारी फिरलाच होता. तू किती घेऊन बसलास ते पत्रात आहे, मध्यंतरी उठून आणखी किती आणलेस ते नाही. तेवढा आकडा उलट टपाली कळव. मामीला दाखविणार नाही.

तुझा,
मामा